लहान मापाची पेटी

म्हाताऱ्याच्या शवपेट्यांच्या दुकानाला वेबसाइट हवी, हे सुनेच्या डोक्यातलं खूळ. पण तिचं म्हणणं खोटंही नव्हतं. हमरस्त्यावरची मोठी कंपनी फोनवर ऑर्डर घेऊन तासाभरात पेटी दारात पोचवायची आणि इकडे म्हातारा रंधा पुसत माश्या मारत बसायचा. असंच चाललं असतं तर दुकानाला टाळं लागायला वेळ लागला नसता.

"बाबा, गिऱ्हाइकांचे अभिप्राय टाकावे लागतात," गरोदर पोटापुढे लॅपटॉप सांभाळत सून म्हणाली.

"आपलं गिऱ्हाईक बोलत नाही गं पोरी. तक्रारही करत नाही."

ती हसली. पत्ता, फोन, लाकडाचे प्रकार, सगळं झालं. घोडं अडलं ते फोटोंपाशी.

"लहान माप कुठंय?"

"ते तयार ठेवत नाही मी. कुणी आलं की मगच करतो."

"अपशकुन म्हणून?"

"अपशकुन कसला? पद्धत आहे."

"पद्धतीनं पोट भरतं का, बाबा?"

म्हाताऱ्यानं मुलाकडे पाहिलं. मुलगा बाप आणि बायकोच्या कात्रीत सापडलेला. तो खाली मान घालून खिळे निवडत राहिला. शेवटी म्हाताऱ्यानं हात टेकले. लहान पेटी बनवली, फोटो निघाला, खाली ओळ आली: 'सर्व मापे तयार. लगेच मिळतील.' फोन वाजू लागले. पेटी मात्र म्हाताऱ्यानं फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवली.

मग एका सकाळी मुलगा दवाखान्यातून एकटाच आला. त्याला काही विचारावं लागलं नाही. बाळ पोटातच गेलं होतं.

"ती द्या," तो फळीकडे बघत म्हणाला. "तयारच आहे ना. घेऊन जातो."

 म्हाताऱ्यानं पेटी खाली काढली आणि हातोडीनं तिचे सांधे उखडले.

"ही फोटोपुरती होती," तो म्हणाला. नवी फळी बाकावर ठेवली. "धर."

"बाबा, मला नाही जमायचं."

"इथं आलेला प्रत्येक बाप हेच म्हणाला. लेकरासाठी करण्यासारखं एवढंच उरतं रे. धर."

मुलानं फळी धरली. बापानं करवत चालवली. पेटी जोडून झाल्यावर म्हाताऱ्यानं त्याच्या हातात पॉलिशपेपर दिला आणि आतून घासायला सांगितलं. आतली बाजू कुणाला दिसणार नव्हती. घासता घासता मुलगा हमसून रडू लागला, आणि म्हातारा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

सून घरी आली, पण बरेच दिवस दुकानाकडे फिरकली नाही. मग एका दुपारी दुकानात येऊन बसली.

"मी ती पेटी करायला लावली म्हणून तर..."

"नाही गं. लाकडाला एवढी अक्कल नसते."

तिनं लॅपटॉप उघडला, तो फोटो काढून टाकला, ती ओळ पुसली. "सांगा, काय लिहू?"

"लिही, लहान माप तयार मिळत नाही. बापानं येऊन सोबत बसावं."

तिची बोटं थांबली.

"आणि आई आली तर?"

 म्हाताऱ्याचा सगळा जन्म या दुकानात गेला होता. एकाही आईला त्यानं कधी बोलावलं नव्हतं.