टिकलीचे सत्तर ठोके

या, अशा पुढे सरका. मागे बसलात तर ऐकू यायचं नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. एका चार दिवसांच्या कालवडीची आहे आणि माझ्या नणंदेची. निम्म्यावर उठून जाऊ नका, एवढंच मागते.

माझ्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, मोठ्या इस्पितळात नर्स होत्या. उभी नोकरी हृदयाच्या वॉर्डात झाली. आई लवकर गेली तेव्हा ह्यांना अंगाखांद्यावर त्यांनीच वाढवलं, त्यामुळे आमच्या घरात ताईच्या शब्दापुढे शब्द नव्हता. निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. आमचा दुधाचा धंदा, घराला लागूनच गोठा. पण गायींच्या गोठ्यात नर्सला काय काम! रिकामे हात त्यांना सोसेनात. दूध न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्याचंसुद्धा मनगट धरून त्या घड्याळाकडे बघत उभ्या राहायच्या.

"ताई, मांजराचं बीपी राहिलंय बघ," हे म्हणायचे.

"आधी तुझं बघते. पानात मीठ किती वाढून घेतोस ते दिसतंय मला!"

असं हसत-खेळत चाललं होतं. मग आमची म्हातारी गाय शेवटची व्याली. कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकली. म्हातारी ह्यांची फार लाडकी. तिच्या पोटची एक तरी गोठ्यात राहणार म्हणून ह्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

चौथ्या दिवशी टिकलीला हगवण लागली. दुपारी ती आडवी झाली. बाटली तोंडाला लावली तर चोखेना. मी बोट घालून पाहिलं, जीभ नुसती पडून होती. ह्यांनी खिशातून फोन काढला.

"कुणाला लावतोयस?" वन्संनी विचारलं.

"गुरांच्या डॉक्टरीणबाईंना."

"थांब जरा." गुडघे दुखत होते तरी त्या गवतावर बसल्या. टिकलीच्या पुढच्या पायामागे आपली ठोके ऐकायची जुनी नळी टेकवली आणि डोळे घड्याळाला लावले. आम्ही दोघं श्वास धरून उभे.

"सत्तर," त्या म्हणाल्या, आणि चेहरा कसा उजळला! "अगदी एका लयीत. अरे, तुझ्यापेक्षा बरं चाललंय हिचं. दमलीय पोर, झोपू दे. मी मीठ-साखरेचं पाणी पाजते थोडं थोडं."

"नक्की ना, ताई?"

"जन्म गेला माझा ह्यात."

फोन खिशात गेला. हे शीळ घालत धारेला बसले. वन्सं दुपारभर टिकलीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, स्वतःची शाल तिच्यावर घातली. आमच्याकडे आल्यापासून त्यांना इतकं सुखी मी पाहिलं नव्हतं. पुन्हा कामावर रुजू झाल्यासारख्या दिसत होत्या.

दिवस कलला तसे टिकलीचे कान गार पडले. मान टाकली. आता मात्र ह्यांनी कुणाला न विचारता फोन लावला.

डॉक्टरीणबाई आल्या. मानेच्या शिरेतून रक्त घेतलं, गाडीतल्या छोट्या यंत्रात घातलं. आकडे बघता बघता म्हणाल्या, "रक्त फार आंबलंय. पोटॅशियम चढलंय. दुपारी ठोके मोजले होते का कुणी?"

"सत्तर होते," वन्सं म्हणाल्या. "नियमित होते."

बाईंनी यंत्र बाजूला ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माणसाला ठीक आहे, ताई. एवढ्याशा वासराचं काळीज शंभराच्या पुढे धावत असतं. हगवणीत अंगातलं पाणी जातं, रक्त आंबतं, मग पोटॅशियम पेशींतून रक्तात उतरतं आणि हृदयाला लगाम घालतं. ती झोपलेली नव्हती. ठोके मंदावत चालले होते."

सलाइन लावलं, त्यातून रक्ताचा आंबटपणा उतरवायला सोडा दिला, साखर दिली. मी तिच्या पायाशी बसून देवाचं नाव घेत होते. नळीतला थेंब पडत राहिला आणि टिकली गेली. कधी गेली ते वन्संनाच आधी कळलं, कारण त्यांचा हात तिच्या छातीवर होता.

हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ताई, तू म्हणालीस म्हणून मी..."

वाक्य तिथंच राहिलं. रागावले नव्हते हो ते! दुःखाने तोंडून सुटलं. पण ज्या बाईने उभ्या जन्मात एकाही आजाऱ्याकडे पाठ फिरवली नाही, तिच्या कानी तिच्या हाताने वाढवलेल्या भावाचं हे अर्धं वाक्य पडलं. देवाने एकेका जिवाला वेगळी लय देऊन धाडलंय. ती सगळी एका माणसाला कुठून पाठ असणार? हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा सुचलं असतं तर वन्संना म्हटलं असतं.

त्या दिवसानंतर वन्संनी कुणाचं मनगट धरलं नाही. टेम्पोवाला आपणहून हात पुढे करायचा, "मावशी, बघा की!" त्या म्हणायच्या, "दवाखान्यात दाखव बाबा," आणि आत जायच्या. पुढे आपल्या एका भाचीकडे राहायला गेल्या. निघताना हे सामान उचलत राहिले. बोलायचं ते बोललेच नाहीत. वन्संनीही विचारलं नाही.

परवा दुसऱ्या गाईला वासरू झालं. ह्यांनी स्वतःहून फोन केला. मी शेजारीच उभी होते.

"ताई, वासरू झालंय. येतेस बघायला?"

"डॉक्टरीणबाई बघून गेल्या का?"

"गेल्या."

"मग झालं," त्या म्हणाल्या. "सांभाळ."

फोन बंद झाला तरी ह्यांनी तो कानापासून काढला नाही.

तर मंडळी, माझं एवढं ऐका. रात्री देवापुढे हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा आमच्या वन्संनाही त्यात घ्या. त्यांचं नाव ठाऊक नसलं तरी चालेल. टिकलीला मांडीवर घेऊन बसली होती ती, एवढं म्हणालात तरी त्याला कळेल.