चौदा नंबरचा पाहुणा

आमच्या समुद्रकाठच्या कॅम्पग्राउंडचा नियम साधा आहे: जायच्या दिवशी दुपारी बाराच्या आत जागा सोडायची. गेली अकरा वर्षं मी इथला होस्ट आहे. म्हणजे माझा राहायचा ट्रेलर उभा करायला फुकट जागा, आणि बदल्यात संडास धुवायचे, सरपण विकायचं, प्रत्येक जागेच्या नंबराच्या खांबाला चिठ्ठी लावायची: कोण, किती माणसं, कधी जाणार. त्याआधी एकतीस वर्षं मी टपाल वाटलं. चिठ्ठी चुकीच्या दारात पडलेली मला अजूनही सहन होत नाही.

त्या मंगळवारी धुकं विरळ झालं आणि पाहतो तर चौदा नंबरवर समुद्रातला एक सील प्राणी पडलेला. सोंडेसारखं नाक लोंबणारा, दोन टनांचा नर. हे प्राणी उन्हाळ्यात कात टाकायला किनाऱ्यावर येतात आणि महिनाभर काही खात नाहीत, फारसे हलतही नाहीत. पण बाकीचे आपले गुमान खालच्या वाळूत पडतात. हा पठ्ठ्या ओढ्यातून सरपटत वर आला आणि शेकोटीच्या लोखंडी कड्याला टेकून आडवा झाला.

रेंजर डेनीस आली. तिने वाट अडवायची लांब टेप काढली.

"काका, शंभर फुटांच्या आत कुणी जायचं नाही. कायदा आहे."

"आणि त्याने आपल्या शंभर फुटांत यायचं नाही, असा कायदा नाही का?"

"आहे की. तुम्हीच जाऊन वाचून दाखवा त्याला."

टेप चहूबाजूंनी फिरली तेव्हा बारापासून सोळापर्यंतच्या जागा बंद झाल्या. एका पाहुण्यासाठी पाच जागा! लोक खवळले. तेरा नंबरचा दातांचा डॉक्टर तंबू गुंडाळता गुंडाळता ओरडला, "माझ्या कुत्र्याला सहा फुटी दोरी नव्हती म्हणून तुम्ही मला झापलंत. याची दोरी कुठंय?"

मुद्दा बिनतोड होता. निदान कागद तरी सरळ असावा म्हणून मी चिठ्ठी लिहिली: मुक्कामाला एक, वाहन नाही, जाण्याची तारीख पंधरा दिवसांनंतरची. त्याहून जास्त मुक्काम इथे कुणालाच मिळत नाही. डेनीसने चिठ्ठी वाचली, कपाळावर हात मारला, पण काढली नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण शुक्रवारी हॅल्वरसन येणार होते.

आर्डिस आणि वेंडेल हॅल्वरसन बेचाळीस वर्षं ऑगस्टचा पहिला आठवडा चौदा नंबरवर काढतात. बुकिंग संगणकावर सहा महिने आधी, सकाळी आठला उघडतं आणि आठ वाजून एक मिनिटाला संपतं. आर्डिसची जागा एकदाही हुकलेली नाही. फेब्रुवारीत जागा मिळाल्यावर तिने मला फोन केला होता.

"टिबेट्स, वेंडेलला आता आमचं घरसुद्धा ओळखू येत नाही रे. पण चौदा नंबर म्हण, झाडाला कंदिलासाठी खिळा कुठे ठोकलाय ते सांगतो. तिथे गेला की कदाचित मीही आठवेन त्याला. एकच आठवडा हवाय मला."

तिला सीलचं सांगायची माझी छाती झाली नाही. गुरुवारी मी आयुष्यातला पहिला खोटा पत्ता केला. टेपेबाहेर रस्त्याकडेला असलेला चौदा नंबरचा खांब उपटला आणि रिकाम्या एकोणीसमध्ये रोवला. तिथेही तसंच वाऱ्याने वाकलेलं झाड होतं. त्यात खिळा ठोकला, कंदील टांगला. मागे संडास होते, पण ते मी घासून लखलखीत केले.

शुक्रवारी वेंडेल गाडीतून उतरला. खांब वाचला, खिळ्यावरून बोट फिरवलं.

"खांब कुणीतरी हलवलाय," तो म्हणाला. "माझा खिळा गंजलेला आहे."

आणि वाऱ्यात टोपी धरून तो सरळ टेपेपर्यंत चालत गेला. त्याला सील दिसला.

"अहो मिस्टर! बारा वाजून गेले. ही जागा आमची आहे!"

सीलने मान उचलली, लांबलचक ढेकर दिली आणि पुन्हा झोपला.

"दांडगट दिसतोय," वेंडेल मला म्हणाला. मग त्याने गाडीतली घडीची खुर्ची आणली आणि अगदी टेपेला लावून मांडली. आमच्याकडे खुर्ची मांडली म्हणजे जागा अडवली. तंबू चोरीला जातात, पण मांडलेल्या खुर्चीला कुणी हात लावत नाही.

आर्डिसने त्याच्या दंडाला धरलं. "चल वेंडेल, वारा झोंबतोय. एकोणीस नंबरही चांगला आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि अदबीने टोपी काढली.

"नको बाई, तुम्ही व्हा पुढे. माझी बायको यायचीय. या जागेसाठी ती पहाटेपासून बटणावर बोट ठेवून बसते. मी उठलो आणि जागा गेली, तर तिला काय तोंड दाखवू?"

आर्डिसने त्याचा दंड सोडला. मग गाडीकडे गेली आणि दुसरी खुर्ची घेऊन आली.

"मी बसले तर चालेल?"

"बसा की. पण ती आली की उठावं लागेल हं."

"उठेन. कशी आहे हो ती?"

"तापट आहे," वेंडेल हसला. "उशीर करते. पण येते."

आर्डिसने दोघांच्या गुडघ्यांवर एकच घोंगडी ओढली. समोर सील घोरत होता.

मी एकोणीसमधला खांब उपटून आणला आणि त्यांच्या खुर्च्यांमागे रोवला. नवी चिठ्ठी लिहिली: जागा चौदा, माणसं दोन, सील एक. जाण्याची तारीख कोरी सोडली.