बारा माणसं, चौदा दिवस

पत्रिका छापून आल्या तेव्हा चैतालीनं कपाळाला हात लावला.

"बाबा, हे काय छापलंय?"

"आईच्या स्मृतिदिनाची पत्रिका."

"ते दिसतंय. ही खालची ओळ?"

खालची ओळ मल्हारीनं स्वतः घातली होती. ती जाड टायपात हवी म्हणून प्रेसवाल्याशी वादही घातला होता. 'या दिवशी दिवंगत सुमनबाई यांच्या आवाजातील "पाणी आलं" हे ॲप संघमित्रा कॉलनीस अर्पण करण्यात येईल.'

"ॲप तयार झालं असं तूच म्हणालीस."

"तयार आहे, पण फोनमधल्या ॲपच्या दुकानात लागायचंय अजून."

"मग लाव की."

"किती पत्रिका वाटल्या?"

"सगळ्या," मल्हारी म्हणाला. "दोनशे. ही एक आपल्यासाठी ठेवली."

चैताली एका कंपनीसाठी घरी बसून ॲप बनवायची. दुसऱ्यांची बनवून बनवून कंटाळली, तेव्हा चार रविवार मोडून हे एक तिनं आईसाठी बनवलं होतं. जेलरोडच्या मागच्या या कॉलनीत ऐंशी घरं. नळाला पाणी कधी पहाटे, कधी अकराला, कधी दुपारी चारला. नळात पहिली गुरगुर झाली की सुमनबाईला ती आधी ऐकू यायची. मग ती गल्लीभर ओरडत जायची. पुढं गुडघे दुखायला लागल्यावर ग्रुपवर आवाज पाठवायची. गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. आवाज तेवढा मल्हारीच्या फोनमध्ये राहिला: "अगं ए बायांनो, पाणी आलंय! उठा की! नंतर म्हणू नका सुमननं सांगितलं नाही!"

ॲपमध्ये एक निळं बटण होतं. ज्याच्या नळाला आधी पाणी दिसेल त्यानं ते दाबायचं, की सगळ्यांच्या फोनवर सुमनबाई ओरडणार. एवढंच.

"पण दुकानाचा नियम आहे," चैताली म्हणाली. "नव्या माणसाचं ॲप आधी बारा जणांनी चौदा दिवस वापरून बघायचं. सलग. बारातला एक जरी गळाला तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. नंतर ते लोक आठवडाभर तपासणार."

मल्हारीनं बोटं मोजली. स्मृतिदिनाला चोवीस दिवस होते. चौदा आणि सात, एकवीस. तीन दिवस शिल्लक. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढलेल्या माणसाला तीन दिवस म्हणजे ऐसपैस वाटले.

"त्यापेक्षा सरळ सगळ्यांना फाइल पाठव ना."

"पाठवली होती. धम्मपालकाकांच्या फोनवर लाल अक्षरात आलं, हे ॲप धोकादायक आहे. काकूंनी फोन बंद करून तांदळाच्या डब्यात पुरलाय."

बारा माणसं म्हणजे काय मोठं काम! ऐंशी घरांत बारा फोन नसतील? मल्हारी संध्याकाळपर्यंत स्वतःचा धरून अकरा फोन पिशवीत घालून घेऊन आला. चैतालीनं प्रत्येकाचा ईमेल बघून लिहून घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या फोनला ती थांबली. सहाव्याला तिनं सगळे फोन ओळीनं मांडले. अकराव्याला ती खाली बसली.

"बाबा, सगळ्यांचा ईमेल एकच आहे."

"बरं झालं. लिहायचे कष्ट वाचले."

"दुकानाच्या लेखी हे अकरा जण म्हणजे एकच माणूस!"

तो एकच माणूस म्हणजे बंटी. बंटी पंचेचाळीस वर्षांचा होता, टक्कल पडलं होतं, पण मोबाईलच्या दुकानामुळं बंटीच राहिला होता. मल्हारी पिशवी घेऊन त्याच्याकडे गेला तर बंटी उलट खूष झाला.

"काका, लोकांना पासवर्ड लक्षात राहत नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच खातं टाकून देतो. सोय."

"किती जणांना?"

"जेलरोडला असतील तीनएकशे."

तेव्हा धम्मपालला कळलं की आपल्या फोनमध्ये 'माहेर आई' नावाचे नऊ नंबर का आहेत, आणि दर मंगळवारी आपला फोन 'ब्यूटी पार्लर' म्हणून का वाजतो. धम्मपाल एकलहऱ्याचाच, मल्हारीच्या शिफ्टमधला. त्याला नवीन ईमेल काढून द्यायला चैतालीला पाऊण तास लागला.

"काका, हे नाव चालत नाही. आधीच कुणीतरी घेतलंय."

"कुणी घेतलं? माझ्या आत्यानं ठेवलंय ते नाव."

"पुढं आकडा टाकू. आता पासवर्ड सांगा."

"धम्मपाल."

"कमजोर आहे म्हणतंय."

"कोण कमजोर? तीस वर्षं बॉयलरपुढं उभा राहिलोय म्हणावं!"

अकरा ईमेल काढता काढता दोन दिवस गेले. राहिला एक दिवस, आणि हवा होता बारावा माणूस. उरलेल्यांत कुणाकडे बटणांचा फोन, कुणाकडे दुसऱ्या कंपनीचा महागाचा, ज्याच्यावर हे चालत नाही. कुणाच्या सुनेनं बजावलेलं की आमच्या फोनला हात लावायचा नाही. फिरून फिरून मल्हारीला कळलं की योग्य फोन आता एकाच घरात आहे, आणि ते घर त्याच्या दारासमोरच आहे.

भागुबाईचं.

एकोणीस वर्षांपूर्वी भागुबाईनं नळाला थेट मोटर जोडली होती. गल्लीत कुणाला थेंब मिळेना. सुमनबाई भर सकाळी ओट्यावर चढली आणि कारण जाहीर केलं. पालिकेची माणसं येऊन मोटर काढून घेऊन गेली. तेव्हापासून दोघी बोलल्या नाहीत. सुमनबाई गल्लीच्या टोकापासून ओरडत यायची, भागुबाईच्या दारापाशी गप्प व्हायची आणि पुढच्या दारापासून पुन्हा सुरू. पुढं ग्रुपमध्येही तिनं भागुबाईला घेतलं नाही. मल्हारी हे रोज बघायचा आणि बायकांच्या भांडणात आपण पडू नये म्हणून पेपर उघडायचा.

"बसा भाऊ," भागुबाई म्हणाली. ती घोटीकडची, चाळीस वर्षं इथं राहूनही बोलणं तिकडचंच. "चहा नाय विचारत. दूध संपलंय."

"भागुबाई, एक काम होतं."

"एकोणीस वर्षांत पहिलंच."

मल्हारीनं सगळं सांगितलं. बारा माणसं, चौदा दिवस, दोनशे पत्रिका. भागुबाईनं ऐकून घेतलं.

"जित्ती होती तवा तिनं मला कधी सांगितलं नाय पाणी आलं म्हणून. आता मेल्यावर सांगणार?"

"हो," मल्हारी म्हणाला.

भागुबाईनं त्याच्या फोनकडे बोट दाखवलं. "वाजवा बरं."

त्यानं वाजवलं. 'नंतर म्हणू नका सुमननं सांगितलं नाही' हे आलं आणि भागुबाईनं मांडीवर थाप मारली. "हेच! हेच तर म्हणते मी एकोणीस वर्षं! सांगितलं नाय!" आणि ती अशी हसायला लागली की पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. तेवढ्यात आत चर्र झालं. गॅसवरचं दूध उतू गेलं होतं.

"संपलं होतं ना?" मल्हारीनं विचारलं.

"आता संपलं," भागुबाई म्हणाली आणि फोन पुढं केला.

चौदा दिवसांची मोजणी सुरू झाली. पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला धम्मपालनं बटण दाबलं आणि मल्हारीच्या उशाशी सुमनबाई ओरडली. तो "उठलो, उठलो," म्हणत स्वयंपाकघराकडे दोन पावलं गेला आणि थांबला. मग पाइप घेऊन बाहेर आला, तर समोरून भागुबाई फोनवर खेकसत होती.

"आले गं आले! मरतेस का काय!" आणि लगेच तिनं जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी ती फोनला म्हणाली, "हळू बोल. बहिरी नाय मी." तिसऱ्या दिवशी, "तू भरलंस का? मग झालं तर." पाचव्या दिवसापासून गल्लीतल्या बाया बादल्या घेऊन भागुबाईच्या दाराशी रेंगाळायला लागल्या. पाणी कुठंही भरता येतं, पण हे भांडण तिथंच ऐकू यायचं. धम्मपालनं गंमत म्हणून एकदा पाणी नसताना बटण दाबलं. नऊ बाया रिकाम्या हंड्यांसकट त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्यानंतर त्यानं गंमत केली नाही.

मल्हारी रोज चैतालीच्या मागं उभा राहून लॅपटॉपमध्ये बघायचा. बारा नावं. रोज बारा. कंट्रोल रूममधल्या काट्यांसारखी त्याला ती पाठ झाली.

अकराव्या दिवशी दहा वाजता चैतालीनं हाक मारली.

"बाबा, अकरा."

"हो, अकरावाच दिवस आज."

"दिवस नाही. माणसं अकरा."

मल्हारीनं नावं वाचली. पुन्हा वाचली. भागुबाई नव्हती.

"आता?"

"दुकान दिवसातून एकदाच हजेरी घेतं, सकाळी नऊला. आजची झालीय, तेव्हा बारा होते. उद्या नऊच्या आत काकू परत आल्या तर कदाचित खपून जाईल. नाहीतर पहिल्यापासून चौदा, आणि पत्रिकेतली तारीख गेली."

"कदाचित म्हणजे किती?"

"म्हणजे मला माहीत नाही, बाबा."

मल्हारी चपला न घालताच समोर गेला. भागुबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"भागुबाई, ॲप काढून टाकलं?"

"मघाशी बंटीकडनं काढून घेतलं. नाव बी काढलं."

"का पण?"

"काल चारला पाणी आलं," ती म्हणाली. "शेजारी ओरडली. मागं ओरडली. तुमच्या खिशात ओरडली, ते मला इथपर्यंत ऐकू आलं. माझ्या घरात गप्प. फोन हातात घेऊन बसले होते मी, भाऊ. वाट बघत." तिनं एक खडा उचलून गल्लीत फेकला. "मेल्यावर बी मला वगळलं तिनं."

मल्हारीनं चैतालीला हाक मारली. चैतालीनं भागुबाईचा फोन घेतला आणि त्याच्या सेटिंगमध्ये आत आत शिरत गेली. एका पानातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात.

"काकू, आईनं नाही वगळलं. बॅटरी वाचवायला म्हणून हा फोनच परस्पर ॲप झोपवून टाकतो. काल दुपारी त्यानं ते झोपवलं होतं."

"कुणाला झोपवलं?"

"म्हणजे... आईलाच."

"सुमनला?" भागुबाईनं सूप खाली ठेवलं. "ह्या फोननं? एवढ्याशा? अगं, मला एकोणीस वर्षांत तिला गप्प करता आलं नाय, आणि हा तिला झोपवतो? एवढी छाती ह्याची?"

चैतालीला हसू आवरेना. भागुबाईही हसली, पण अर्धवटच, आणि डोळे मल्हारीवर ठेवून. म्हणून मल्हारी उंबऱ्याखालच्या पायरीवर बसला.

"कालचं फोननं केलं," तो म्हणाला. "एकोणीस वर्षांचं फोननं नाही केलं, ते सुमननं केलं. आणि मी समोर बसून पेपर वाचत होतो. एकदा तरी म्हणायला पाहिजे होतं तिला, की पुरे आता."

"ठाऊक हाय," भागुबाई म्हणाली. "पेपर उलटा धरलेला असायचा कधी कधी." तिनं हात पुढं केला. "टाक गं पोरी परत. आणि ह्या फोनला सांगून ठेव, पुन्हा तिला झोपवलं तर चुलीत घालीन."

नाव पुन्हा बारावं झालं. ते धरलं जाईल का, हे मात्र उद्या नऊला कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी साडेआठलाच सगळे मल्हारीच्या ओट्यावर जमले. धम्मपाल आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आला होता. चैताली मांडीवर लॅपटॉप घेऊन मध्ये बसली. भागुबाई थोडी लांब, आपल्याच दारात उभी होती. आपल्यामुळं बिघडलं असेल तर पटकन आत जाता यावं म्हणून असेल. पडद्यावर चक्र फिरत होतं.

"थांबलं का गं?"

"फिरतंय काका."

"बोटानं ढकल की जरा."

नऊला दोन मिनिटं कमी असताना गल्लीच्या टोकाला कुणीतरी निळं बटण दाबलं. एका क्षणात सगळ्यांच्या खिशातून, कमरेतून, पिशव्यांतून सुमनबाई ओरडायला लागली, एकीच्या मागं दुसरी, दुसरीच्या मागं तिसरी. भागुबाईच्या हातातली तर सगळ्यात मोठ्यानं. "आले गं बाई!" म्हणत ती आत पळाली. ओटा रिकामा झाला. हंडे, पिंपं, बादल्या, कुणाची चप्पल कुणाच्या पायात. मल्हारीनंही सवयीनं पाइप उचलला. लॅपटॉपपाशी एकटी चैताली राहिली.

चक्र थांबलं. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं आणि लॅपटॉप डोक्यावर धरून ती ओट्यावर उभी राहिली.

"बाबा! धरलं! बारावा दिवस धरलाय त्यांनी! तुटलं नाही!"

पाण्याच्या आणि भांड्यांच्या आवाजात मल्हारीला नुसतं तिचं तोंड हलताना दिसलं. "काय?"

"धरलं!"

"धरलाय गं, पाइप धरलाय!"

शेवटी भागुबाई दारातून ओरडली. तो आवाज कुठल्याही गलक्यात ऐकू जाणारा होता. "अवो भाऊ, दिवस धरले म्हणती पोरगी! जमलं तुमचं!"

मल्हारीच्या हातून पाइप सुटला. पाइप वळवळला, उभा राहिला आणि त्यानं धम्मपालला इस्त्रीच्या सदऱ्यासकट डोक्यापासून भिजवलं. धम्मपाल ओरडत होता, चैताली ओट्यावर नाचत होती आणि मल्हारी गल्लीच्या मधोमध उभा राहून हसत होता. दोन्ही हातांनी पोट धरून, डोळ्यांतलं पाणी न पुसता.

भागुबाईनं हा गोंधळ पाहिला. ती पुढं आली, मल्हारीचा वळवळणारा पाइप उचलला आणि शांतपणे आपल्या पिंपात सोडला.

गल्लीत सगळ्यांना ती जुनी मोटर आठवली. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"वाया कशाला घालवायचं?" भागुबाई म्हणाली.

"भरा," मल्हारी म्हणाला. "वरपर्यंत भरा, भागुबाई."