सत्तर मैलांचं पेट्रोल

जुगलकिशोरांनी पान्यानं मागच्या सीटचा शेवटचा बोल्ट सैल केला आणि सीट उचलून ओट्यावर ठेवली. त्यांची बायको लाडबाई पापडाचा डबा घेऊन उभ्या होत्या. जुगलकिशोरांनी वर न बघताच नकाराची मान हलवली.

"डबा बी न्हाई?"

"दोन शेर भरतो तो."

"आन् मी?"

जुगलकिशोर पाना पुसत राहिले.

"बराबर हाय. मी बी वजनच की." लाडबाई डबा घेऊन आत गेल्या.

लेकीला, चंदनला, जालन्याहून घनसावंगीला देऊन दीड वर्ष झालं होतं. सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे राखीलाही लेकीचं येणं झालं नाही. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही ही यांच्या घराण्याची रीत, म्हणजे मुक्कामाचा प्रश्नच नव्हता. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं. बैलगाडीनं ते होणारं नव्हतं. मोटार होती, पण लढाईमुळे पेट्रोल कूपनावर, महिन्याला तीन गॅलन, आणि साठवलं तर गुन्हा. जाऊन येऊन सत्तर मैल. मोटार गॅलनला अठरा मैलांच्या वर जाईना. तिथंच घोडं पेंड खात होतं.

दोन महिने या माणसाला दुसरं काही सुचलं नाही. कार्बोरेटरला बारीक भोकाचा जेट बसवला, चाकांत हवा ठासून भरली, टपावरची जाळी काढून टाकली. उतार लागला की इंजिन बंद. वेगाचा काटा विसाच्या वर न्यायचा नाही. अंबडच्या रस्त्यावर रांगणारी मोटार बघून लोक म्हणत, शेठजींनी मोटारीलाच उपास धरायला लावलाय. शेवटी गॅलनला चोवीस मैल पडले. त्या दिवशी शेठजी एकटेच हसत घरी आले.

घनसावंगीला व्याह्यांनी लोडाशी बसवलं. पाण्याचा आग्रह झाला, रीतीप्रमाणे नकार झाला. चंदन वाळली होती. सासऱ्यांसमोर बोलणं 'सगळं ठीक ना' याच्या पुढे सरकेना. एवढ्यासाठी का आपण दोन महिने जीव काढला, असं जुगलकिशोरांना वाटलं. ते उठले. चंदन मोटारीपर्यंत आली.

"बाबूजी, मला बसवा ना. जरासं."

"कुठं जायचं?"

"जालन्याच्या रस्त्यानं."

सासऱ्यांनी हसून परवानगी दिली. ती पुढे बसली.

"जालना चौतीस," तिनं मैलाचा दगड वाचला.

आता वळवावी, असं जुगलकिशोरांच्या मनात आलं.

"तेहेतीस."

लहानपणी दुकानाच्या पाट्या वाचायची तोच आवाज. त्यांचा पाय हलकेच खाली दाबला गेला. काटा तिसावर गेला, उतारावरही इंजिन चालूच राहिलं. बत्तीस झाला, एकतीस झाला. तिसाचा दगड आला तेव्हा तिनं तो वाचला नाही. त्यांनी मोटार थांबवली. दोघं समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली.

"चला बाबूजी," थोड्या वेळानं तीच म्हणाली, "सासूबाईंच्या दवाईचा टाइम झाला."

त्यांनी मोटार वळवली.

परतताना जालना आठ मैलांवर राहिलं आणि पेट्रोल संपलं. रामकिसन नावाच्या शेतकऱ्यानं आपली बैलजोडी जुंपली. दिवेलागणीला दोन बैल नवीन जालन्याच्या बाजारातून मोटार ओढत निघाले, आणि शेठजी आत स्टिअरिंग धरून बसलेले.

"वा शेठजी! आता बिनपेट्रोलची केली बघा!"

बाजार हसला. शेठजीही हसले.

लाडबाई दारातच होत्या. त्यांनी बैलांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"कमी कसं पडलं?"

"चंदन म्हनली, मोटारीत बसवा. तिसाच्या दगडापर्यंत आणली व्हती."

"जालन्याकडं?"

"हां."

लाडबाई मोटारीला वळसा घालून पलीकडे गेल्या. दार उघडून त्यांनी पुढच्या सीटवर हात ठेवला.

"इथं?"

"तिथंच."

त्या आत बसल्या आणि दार ओढून घेतलं. रामकिसन बैल सोडून घेऊन गेला तरी त्या उतरल्या नाहीत.