रूळ जाळीबरोबर

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी टाकी ब्लास्टिंग रूमच्या दारात अडली. टाकीचा माथा चौकटीला ठण्णकन लागला आणि ट्रॉली ढकलणारे चौघे एकमेकांकडे पाहू लागले.

खोलीचा नकाशा वहिनींचा. वेल्डर त्यांचा सख्खा दीर, म्हणून अख्खा कारखाना त्यांना वहिनी म्हणे. पोलादी दाण्यांच्या माऱ्याने लोखंडावरचा गंज आणि जुना रंग उडवायची ही खोली: भिंतींना जाड रबर, जमिनीला जाळी आणि जाळीतून पडलेले दाणे पुन्हा वर नेणारा बादल्यांचा पट्टा. आजवर असले नकाशे बाहेरचा कंत्राटदार काढायचा. या वेळी मालकांनी ते वहिनींवर सोपवलं होतं आणि बजावलंही होतं, "अकराला गिऱ्हाईक येतंय. टाकी आत दिसली, तर पुढची रंगाची खोलीही तुमची. नाही तर बाहेरचा आहेच."

वहिनींनी टेप लावला. चार सेंटीमीटर कमी. त्यांनी तर वर चार मोकळे सोडले होते. मग आठ गेले कुठे? त्या खाली वाकल्या. ट्रॉलीचे आठ सेंटीमीटर उंचीचे रूळ जाळीच्या डोक्यावर ऐटीत बसले होते.

"भावोजी, हे रूळ वर कसे?"

वेल्डरने खिशातून चुरगळलेला कागद काढला. "तुम्हीच लिहिलंय, 'रूळ जाळीबरोबर बसवणे.' जाळी मंगळवारी सकाळी बसवली, रूळ मंगळवारी दुपारी. आणखी किती बरोबर बसवायचे?"

"अहो, बरोबर म्हणजे जाळीच्या पातळीत!"

"मग पातळीत लिहायचं. मी काय तुमच्या डोक्यात शिरून वेल्डिंग करू?"

क्रेनवाला खोकल्याच्या आडून हसला. वहिनींनाही हसू आवरेना. अक्षर त्यांचंच, खडे कुणाच्या नावाने फोडणार?

रूळ कापून खाली बसवायचे तर दोन दिवस हवेत. वहिनींची नजर टाकीखालच्या लाकडी ठोकळ्यांवर गेली.

"हे बारा सेंटीमीटरचे ना? सहाचे लावू."

"पोट टेकेल ट्रॉलीला."

"नाही टेकत. मी मोजलंय."

"मोजलंय, की नुसतं लिहिलंय?"

"जॅक आणताय, की जाऊबाईंना फोन लावू?"

जॅक धावत आला. एकेक टोक उचलून ठोकळे बदलता बदलता साडेदहा झाले. त्यातच गिऱ्हाईक वीस मिनिटं आधी येऊन हजर झालं आणि मालकांशेजारी हाताची घडी घालून उभं राहिलं. ट्रॉली हलली. चौकट आणि टाकी यांच्यामध्ये वहिनींचं एक बोट मावत होतं. वेल्डरचं मावलं नाही.

"हळू! टाकीचा रंग खरवडू नका," तो ओरडला.

"उडवायलाच तर नेतोय," क्रेनवाला म्हणाला.

दहा छप्पन्नला टाकी अर्धी आत, अर्धी बाहेर होती. मालकांच्या हातात फोन वाजत होता. पडद्यावर बाहेरच्या कंत्राटदाराचा नंबर होता. मालकांनी तो अजून उचलला नव्हता आणि बंदही केला नव्हता.