सरांचं आवडतं वाक्य

विश्वंभर सरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस वाचन बंद केलं. हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या पोरांना सरांनी सत्तावीस वर्षं एकच जुनी कादंबरी शिकवली होती. तिच्याशिवाय त्यांची दुपार जात नसे. म्हणून ते हिरवा चष्मा लावून पलंगावर पडत आणि गंगूताई वाचून दाखवत. बायको कुठं अडखळली की पुढचं वाक्य सर तोंडपाठ म्हणत. ती त्यांची मोठीच हौस.

त्या दिवशी नवरा-बायकोच्या भांडणाचं प्रकरण होतं. गंगूताईंनी नेहमीच्या संथ आवाजात वाचलं, "'माझा भाऊ आठ दिवसांपासून अंथरुणाला खिळलाय. मला जवळा बाजारला जाऊन त्याला बघायचंय.'"

सर उठून बसले. "जवळा बाजार कुठून आलं? तिथं नुसतं 'मला माहेरी जायचंय' असं आहे."

"नवी आवृत्ती हाय," गंगूताई म्हणाल्या.

सर काय समजायचं ते समजले. जवळा बाजार हे गंगूताईंच्या माहेरचं गाव. अकरा वर्षांपूर्वी तिथल्या त्यांच्या भावानं, वैजनाथनं, पोरीच्या लग्नपत्रिकेत थोरल्या जावयाचं, म्हणजे सरांचं, नाव धाकट्याच्या खाली छापलं होतं. तेव्हापासून त्या घरचं पाणीही वर्ज्य. गंगूताईंनासुद्धा. माणूस शिकला की त्याचा रुसवाही पदवीधर होतो.

"त्यावर नवरा काय म्हणतो?" गंगूताईंनी विचारलं. "अक्षर पुसट हाय."

हे तर सरांचं सगळ्यात आवडतं वाक्य. घसा साफ करून, नवऱ्याचा आवाज काढून ते म्हणाले, "'जा की. तुला अडवलंय कोणी?'"

या एका वाक्यावर ते वर्गात दोन तास घेत. शब्द जा म्हणतात, नवरा जाऊ नको म्हणतो. आणि ती शहाणी बायको ते ओळखून जन्मभर माहेरी जात नाही, हे ते दरवर्षी मोठ्या कौतुकानं सांगत.

गंगूताईंनी पुस्तक मिटलं. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग पिशवीच्या चेनचा.

"अगं, तो उपरोध आहे!" सर ओरडले. ते खरोखरच घाबरले होते.

"व्हय, ठाऊक हाय," दारातून आवाज आला. "छत्तीस वर्षं झाली, कळूनच राहिलाय मला. आज न्हाई कळून घ्यायचा. वरण-भात झाकून ठेवलाय. हिंगोलीची जीप भरून राहिली, येते मी."