विहिरीवरची काच

लोखंडी कप्पी दोन्ही हातांनी पोटाशी धरून भिंगरी काचेवरून चालली होती. बरोबर मध्यावर पोचली आणि कप्पी तिच्या बोटांतून निसटली. आवाज फार मोठा झाला नाही. आधी एक ठणत्कार, मग वाळक्या पाचोळ्यावरून कुणी चालत जावं तशी चरचर. तिच्या पायांपासून पांढऱ्या रेघा निघाल्या आणि बघता बघता सगळ्या काचेवर पसरल्या.

भिंगरीची सावत्र आई स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी होती. मधली भिंत पाडल्यापासून तिथून सगळा दिवाणखाना दिसायचा.

"हलू नकोस," ती म्हणाली.

त्या दोनशे वर्षांच्या घराला नवं करताना नवऱ्याने हौसेला काही बाकी ठेवलं नव्हतं. फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या नेल्या, तबेल्यात मुलीची अभ्यासाची खोली केली, कोठाराचं ऑफिस झालं. घराच्या पोटात जुनी विहीर निघाली, ती मात्र बुजवायची नाही असं आर्किटेक्टने बजावलं. दिवाणखान्याच्या मधोमध सहा फूट रुंदीची गोल काच बसली, खाली दिवे सोडले गेले. विहिरीची जुनी कप्पी घासूनपुसून कोनाड्यात मांडली. पाहुणे यायचे, काचेवर उभे राहून खाली बघायचे, फोटो काढायचे. आराखडे तिच्या लग्नाआधीच पक्के झाले होते, म्हणून ती काही बोलली नव्हती. चार महिने ती भिंतीच्या कडेकडेने ये-जा करत होती. नवऱ्याला त्याचं हसू यायचं.

"पोहायला शिकवतेस आणि पाण्याला भितेस?"

पाण्याला ती भीत नव्हती. शहरातल्या तलावावर तिने बारा वर्षं मुलांना पोहायला शिकवलं होतं, पण त्या तलावाचा तळ दिसायचा. इथे दिव्यांचा उजेड विहिरीच्या दगडांवरून खाली खाली जायचा आणि एका जागी संपायचा. त्याच्या पुढे नुसता काळोख. शिवाय बारा वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. बुडणारं मूल ओरडत नाही.

भिंगरीही आता ओरडत नव्हती. एरवी एका जागी न ठरणारी नऊ वर्षांची मुलगी, म्हणून तर बापाने हे नाव ठेवलेलं. आता ती खांदे कानापर्यंत ओढून उभी होती. या घरात आल्यापासून तिने सावत्र आईला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. "ऐकता का" म्हणायची, आणि अहो-जाहो करायची, शेजारच्या बाईशी बोलावं तसं.

सावत्र आई काचेच्या काठाशी पालथी पडली आणि हात लांब केला. भिंगरीच्या चपलेपर्यंत हातभर अंतर उरलं. आणखी पुढे सरकायचं तर छाती काचेवर येणार होती. दोघींचं वजन. तिने हात मागे घेतला.

काच पुन्हा चरचरली.

"माझ्याकडे बघ. खाली नाही. मी शिडी घेऊन येते."

"नाही."

"पुस्तकांच्या खोलीतली. ही गेले आणि ही आले."

"तू जाऊ नको," भिंगरी म्हणाली. "तू जाऊ नको ना."

आवाज तिने तलावावरचाच काढला, सपाट आणि खणखणीत.

"आकडे येतात ना? मग मोठ्याने मोज. मला तिकडे ऐकू आले पाहिजेत. पन्नासच्या आत मी इथे असेन. चल. एक."

"एक," भिंगरी म्हणाली.

सावत्र आई अनवाणी धावली. दिवाणखाना, जिना, मग तो लांबलचक बोळ. इतकं मोठं घर कुणाला हवं होतं, असं तिच्या मनात पहिल्यांदाच इतकं स्पष्ट आलं. मागून आकडे येत होते. अकरा. बारा. खोलीचं दार नव्या पद्धतीचं होतं, अंगठा टेकवल्यावर उघडणारं. ओल्या अंगठ्याला ते दाद देईना. तिने अंगठा कपड्याला पुसला, पुन्हा टेकवला. एकोणीस. वीस. शिडी कपाटाच्या दांडीत अडकवलेली होती. ती उपसून काढताना चार पुस्तकं खाली आली.

सव्वीस. सत्तावीस.

मग काही नाही.

ती थांबली. शिडी खांद्यावर होती आणि बोळात तिला स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. आपण जे ऐकायला थांबलोय ते ऐकू येतच नसतं, हे तिला ठाऊक होतं. ती धावत सुटली. शिडीचं टोक भिंतीला घासत गेलं, रंगाचे पोपडे उडाले.

भिंगरी उभी होती. ओठ हलत होते, आवाज बाहेर पडत नव्हता.

शिडी आडवी करून तिने ती काचेवरून पलीकडच्या फरशीपर्यंत सरकवली. प्रत्येक इंचाला काच कुरकुरत होती. दोन्ही टोकं दगडावर टेकली तेव्हा ती म्हणाली, "आता हळूच गुडघे टेक. शिडीवर. शाब्बास. पुढची पायरी धर. माझ्याकडे."

चार पायऱ्या. चौथ्या पायरीला तिने मुलीचं मनगट पकडलं आणि असं ओढलं, की दोघी मागे फरशीवर आपटल्या. मनगटावर बोटांचे वळ उठले होते. दोघी तशाच सरकत भिंतीपर्यंत गेल्या आणि पाठ टेकून बसून राहिल्या. फरशी कोमट होती. भिंगरीचे दात वाजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काच बसवणारा कारागीर आला. त्याने वाकून बोट फिरवलं, कप्पी उचलून बाजूला ठेवली आणि सरळ काचेच्या मध्यावर जाऊन उभा राहिला. भिंगरीने डोळे मिटून घेतले.

"वहिनी, उगाच घाबरलात," तो म्हणाला. "तीन थर आहेत. वरचा तेवढा फुटलाय. खालचे दोन ठणठणीत आहेत. हत्ती आणून उभा केला असतात तरी काही झालं नसतं."

नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. रात्रभर त्याला झोप नव्हती. आता तो मोठ्याने हसला, कारागिराशेजारी जाऊन उभा राहिला, टाचेने एकदा ठोकूनही पाहिलं.

"आणि तुम्ही शिडीबिडी! या बघू, दोघी इकडे या. भिंगरे, ये. एकदा उभी राहिलीस की भीती जाईल."

भिंगरी जागची हलली नाही.

"अगं, काही नव्हतंच तिथे घाबरण्यासारखं."

"तू नव्हतास तिथे, बाबा," भिंगरी म्हणाली.

नवऱ्याचं हसू ओसरलं. त्याने कारागिराकडे पाहिलं.

"वरचा थर बदलून टाका. किती दिवसांत होईल?"

"माप माझ्याकडे आहेच. आठ दिवस धरा."

"आणि दगड बसवायचा असेल तर?" सावत्र आईने विचारलं.

नवरा वळून तिच्याकडे बघू लागला. कारागीरही. या घरातल्या कुठल्याच कामात त्याने आजवर तिचा आवाज ऐकला नव्हता.

"दगड?"

"आजूबाजूला आहे तसलाच. जाड."

कारागिराने मालकाच्या तोंडाकडे पाहिलं. मालक पायाखालच्या पांढऱ्या रेघांकडे बघत होता. मग कारागीर काचेवरून खाली उतरला, कानावरची पेन्सिल काढली, आणि वही उघडून तिच्यासमोर येऊन उभा राहिला.